हिरवी नाव आणि माझा फ्लॅनेलचा गाऊन

उत्तरेकडच्या आमच्या बर्फाळ गावात कुणी कॉफी विचारली की लगेच हो म्हणणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर आजारी. पहिल्यांदा विचारल्यावर ‘नको नको, उगाच त्रास’ म्हणायचं. दुसऱ्यांदा ‘आत्ताच झाली घरी’ म्हणायचं, झालेली नसली तरी. तिसऱ्यांदा विचारलं की मग ‘बरं, केलेली असेल तर अर्धा कप.’ तो अर्धा कप पुढे कितीदाही भरून घेतला तरी चालतो. पण विचारणाऱ्यानेही तिसऱ्यांदा विचारायचंच असतं. दोनदा विचारून जो थांबला, त्याला मनातून द्यायचंच नव्हतं असं गाव समजतं आणि ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं.

माझा नवरा हालवर ही रीत कॉफीपुरती ठेवत नाही. सगळ्या आयुष्यालाच लावतो. लग्नाचं त्याने मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी रीतीप्रमाणे नाही म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं ते पुढच्या उन्हाळ्यात. मी पुन्हा रीतीप्रमाणे नाही म्हटलं, तर बर्फ पडेपर्यंत हा फिरकलाच नाही. शेवटी मीच त्याच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, काही विचारायचं राहिलंय का. तेव्हा कुठे आमचं लग्न झालं. तेव्हापासून मी या माणसाच्या तोंडून ‘मला हे हवं’ असं एक वाक्य ऐकलेलं नव्हतं. लोक म्हणतात काय गरीब स्वभाव. लोकांना त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखून स्वयंपाक करावा लागत नाही.

आता नावेचं सांगते.

हालवरची एक जुनी पत्र्याची नाव होती, हिरव्या रंगाची. तिच्या मागे एक छोटी मोटर होती. ती खोकायची, धूर सोडायची, पण चालायची इतकी हळू की पिल्लांना घेऊन निघालेली बदकीण आम्हाला मागे टाकून जायची. आमच्या गुडरन तळ्यात वॉलाय धरायचा तर असंच चालावं लागतं. काचेच्या गोट्यांसारखे डोळे असलेला हा मासा भारी आळशी. गांडूळ लावलेला गळ नावेमागे अगदी सावकाश ओढत नेला, तर तो मागून येतो, बघतो, विचार करतो आणि मग तोंड उघडतो. गळ जरा जोरात गेला की म्हणतो, जाऊ दे. एकूण स्वभाव हालवरसारखाच. म्हणूनच दोघांचं इतकी वर्षं जमलं असावं.

आमची सोल्वेग टेक्सासच्या मुलाशी लग्न करून तिकडे गेली. जावयाचं नाव गॅरेट. मुलगा सोन्यासारखा आहे. सासऱ्याला ‘सर’ म्हणतो, मला ‘मॅम’ म्हणतो, आणि मनात येईल ते तोंडावर बोलतो. कॉफी विचारली की पहिल्या झटक्यात ‘हो’. पहिल्या भेटीत हालवर घाबरलाच होता. त्यांच्याकडे मासेमारी म्हणजे आधी शर्यत आणि मग मासे. या वसंतात तळ्यावरचा बर्फ वितळला आणि हालवरच्या सत्तरीसाठी हा मुलगा टेक्सासहून ट्रकला बांधून एक नाव घेऊन आला. लाल, चकचकीत, आत गुबगुबीत खुर्च्या, आणि मागे इंजिन असं की नाकापेक्षा मोती जड. घरापुढचा, नाव बांधायचा आमचा पूर्ण धक्का तिने व्यापला. किल्ली फिरवली तेव्हा पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

हालवर बराच वेळ धक्क्यावरून तिच्याकडे बघत फिरला. मग म्हणाला, “वेगळीच आहे हं.”

आमच्या भागात यापेक्षा वाईट शिवी नाही. कुणाच्या घरी जेवायला गेलं आणि पदार्थ घशाखाली उतरत नसेल तेव्हा आम्ही म्हणतो, वेगळंच आहे हं. मी डोळे मिटून घेतले. गॅरेट मात्र खूश होऊन त्याच्या पाठीवर थापा मारायला लागला. मग त्याने अगदी मनापासून विचारलं, “सर, आवडली ना? नसेल तर स्पष्ट सांगा, मी परत घेऊन जातो. मला जराही वाईट वाटणार नाही.”

“नाही नाही,” हालवर म्हणाला, “असू दे.”

आणि गॅरेटने मान डोलावून विषय संपवला. एकदाच विचारलं त्याने. पुन्हा विचारेल या आशेने हालवर दिवसभर त्याच्या मागे मागे फिरला.

आता धक्क्यावर दोन नावा मावेनात. शेजारचा ओडेल तिथेच उभा होता. हालवरचा आणि त्याचा दोस्ताना शाळेपासूनचा. गॅरेट म्हणाला की हिरवीला आता पेन्शन द्यायला हवी. तेवढ्यात कुणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून हालवर ओडेलला म्हणाला, तुला हवी असेल तर ने. हे बोलताना त्याचा जीव किती निवांत होता ते मला माहीत आहे, कारण ओडेल नको म्हणणार हे ठरलेलंच होतं. ओडेल नको म्हणालाच. हालवरने दुसऱ्यांदा विचारलं, ओडेल पुन्हा नको म्हणाला. आता इथे थांबावं, तर पहिली दोन विचारणी खोटी ठरतात. जावयासमोर आणि आयुष्यभराच्या मित्रासमोर. हालवरने तिसऱ्यांदा विचारलं. ओडेल क्षणभर आभाळाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “बरं, एवढा आग्रहच करतोस तर.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळी ओडेलने हिरवी नाव वल्हवत आपल्या धक्क्याला नेली, आणि हालवर खिडकीशी उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता. दोन घरं सोडून तर जायचं होतं तिला. दिसेनाशी कुठली होते?

मग उन्हाळा सुरू झाला आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार. लाल नाव अगदी कमीत कमी वेगावर ठेवली तरी पळायची. गळ पाण्याच्या वरच्या थरात नाचत यायचा आणि वॉलाय खाली झोपलेले. हालवरने इंजिन चालू-बंद करून पाहिलं. चालू केलं की हिसका, बंद केलं की गळ तळाच्या शेवाळात. मग त्याने नाव उलटी चालवून पाहिली, मागचं तोंड पुढे करून. वेग जरा कमी झाला खरा, पण येईल ती लाट मागच्या फळीवरून सरळ त्याच्या मांडीत. घरी आला तो असा की मी त्याला ओसरीवरच कपडे काढायला लावले. मी म्हटलं, एक छोटी मोटर आणून हिच्या बाजूला लाव. तो म्हणाला, गॅरेटला काय वाटेल. टेक्सास इथून इतकं लांब आहे की तिकडे अजून बर्फ कसा दिसतो तेही माहीत नाही, पण गॅरेटला काय वाटेल.

शेवटी त्याला बादल्यांची आठवण झाली. त्याचे वडील वादळात तसं करायचे म्हणे. नावेच्या दोन्ही बाजूंना दोरीने एकेक बादली बांधून पाण्यात सोडायची, म्हणजे ती पाणी धरते आणि नावेला मागे खेचते. पहिल्या दोन बादल्या रंगाच्या होत्या. पुरल्या नाहीत. मग माझी लोणच्याची बादली गेली. मग कपड्यांची टोपली गेली. एक दिवस मी बटाटे उकडायला मोठं पातेलं शोधते आहे तर ते तळ्यात.

मी काही बोलले नाही असं नाही. पुष्कळ बोलले. म्हटलं, जावयाला एक फोन कर आणि सांग. तो म्हणाला, बघू. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही.

आणि एवढं करून मासा नाहीच. मी दुकानातून गोठवलेला मासा आणून, खोका टॉवेलखाली लपवून घरात आणायला लागले. तळ्याच्या काठावर घर असलेल्या बाईला यापेक्षा मोठी लाज नाही. त्यात भर म्हणजे आठवड्यातून एकदा तरी ओसरीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले, साफ केलेले ताजे वॉलाय असायचे. ओडेलने ठेवलेले. आमच्याच नावेत धरलेले. हालवर ते निमूटपणे खायचा आणि काटा काढताना असा चेहरा करायचा की मलाच भरून यायचं.

ऑगस्टमध्ये माझा फ्लॅनेलचा गाऊन नाहीसा झाला. निळ्या फुलांचा, पायघोळ, थंडीतला. मी सगळी कपाटं उपसली. त्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सगळ्यांबरोबर कॉफी पिताना ओडेल माझ्याजवळ आला. हवेबद्दल बोलला, मक्याबद्दल बोलला, मग कपात बघत म्हणाला की काल तळ्यात हालवरच्या नावेमागे निळ्या फुलांचं काहीतरी दिसलं, बहुतेक त्याच्या नजरेचा दोष असेल. माझे कान तापले. तीस बायका आजूबाजूला, आणि प्रत्येकीने तो गाऊन माझ्या दोरीवर वाळताना पाहिलेला.

मग ओडेल आणखी एक गोष्ट बोलला. त्याचा मुलगा लांब डकोटात राहतो, तो पुढच्या सोमवारी येऊन हिरवी नाव घेऊन जाणार आहे. त्याच्या घराशेजारी एक डबकं आहे म्हणे. इतकं बोलून तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मी काहीतरी म्हणावं असं त्याला वाटत होतं. पण नाव माझी नव्हती, आणि मी गाऊनच्या रागात होते.

घरी येऊन मी आधी गाऊनचा हिशेब चुकता केला. हालवरने गळ्याशी आणि बाह्यांशी टाके घालून त्याची पिशवी केली होती. टाके चांगले होते, तेवढं कबूल करते. मग मी त्याला सोमवारचं सांगितलं. तो पावाला लोणी लावत होता. सुरी तशीच हवेत राहिली. “डकोटा,” तो म्हणाला. मग सुरी खाली ठेवून म्हणाला, “बरं आहे. मुलगा चांगला आहे त्याचा.” आणि पाव न खाताच उठला. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हा माणूस न बोलता मरून जाईल आणि लोक म्हणतील काय गरीब स्वभाव.

शनिवारी सोल्वेग आणि गॅरेट आले. गॅरेटला सासऱ्याने मासे धरलेले बघायचे होते. सोल्वेग झोपली होती म्हणून आम्ही तिघंच निघालो. गाऊन पिशवी होऊन नावेतच राहिला होता, मी गेले ते त्याच्यावर नजर ठेवायला.

तळ्याच्या मधोमध आल्यावर हालवरने, रोज करतो तसं, सामान पाण्यात सोडायला सुरुवात केली. डावीकडे दोन बादल्या, उजवीकडे दोन, मग टोपली, मग पातेलं, आणि शेवटी पाठीमागे माझा गाऊन. गॅरेट बघतच राहिला. “सर, हे काय आहे?”

“काही नाही,” हालवर म्हणाला. “जरा मदत होते.”

“नाव फार पळते का?”

“तशी वाईट नाही.”

वाईट नाही म्हटल्यावर गॅरेटने विश्वास ठेवला. त्याच्या देशात लोक बोलतात तेच त्यांच्या मनात असतं. एवढ्यात उजवीकडून हिरवी नाव आली. ओडेल एका हाताने तिची मोटर धरून बसला होता आणि ती नेहमीसारखी खोकत, धूर सोडत, बदकाच्या चालीने जात होती. आमच्या डोळ्यांदेखत त्याने एक वॉलाय वर काढला. हालवरने तोंड फिरवलं.

गॅरेट मदतीला धावणारा मुलगा. हालवर मागे वाकून गाऊनची गुंतलेली दोरी सोडवत असताना गॅरेटला वाटलं, नाव कशात तरी अडकली आहे, एक दणका दिला की सुटेल. त्याने वेगाचा दांडा पुढे ढकलला.

पुढचं सगळं एका दमात झालं. नाव नाक वर करून सुटली. बादल्या पाण्यातून उसळून एकमेकींवर आपटायला लागल्या. माझं पातेलं एकदा आकाशात चमकलं आणि कायमचं तळाला गेलं. हालवर खुर्चीत पालथा, मी हालवरवर. आणि मागे तो गाऊन वारा आणि पाणी भरून टम्म फुगला, लाटेवर सरळ उभा राहिला आणि निळी फुलं मिरवत हिरव्या नावेच्या जवळून निघून गेला.

ओडेलने टोपी काढली. मला नाही, गाऊनला. सवयीचा माणूस, बाई दिसली की टोपी काढतो.

गॅरेटने इंजिन बंद केलं. ओडेल आपल्या चालीने आमच्या बाजूला आला, गाऊन वल्ह्याने उचलून घडी करून मला दिला आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. हवेबद्दल बोलला. मग हालवरकडे न बघता म्हणाला, “तुला ही हिरवी परत नको असेल ना?”

हालवरचा हात हिरव्या नावेच्या काठावर होता. “नाही नाही,” तो म्हणाला. “तुझी आहे ती.”

“माझ्याकडे नुसती जागा अडवते.”

“छे. मुलासाठी ठेवलीस ना तू.”

दोन झाले. ओडेलने श्वास घेतला. मी मांडीवरचा गाऊन घट्ट धरला. आता तिसऱ्यांदा विचारलं की नाव आमची. आणि नेमका तिथे गॅरेट हसून, मनापासून मध्ये पडला. “त्यांनी दोनदा नाही म्हटलं, साहेब. तुमच्या मुलालाच द्या ती. तो खूश होईल.”

ओडेलचं तोंड उघडं होतं ते मिटलं. घरच्या माणसाने नको म्हटल्यावर तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे जावयाला खोटं पाडणं. ते त्याच्याने होईना. त्याने टोपी घातली आणि मोटरच्या दोरीला हात घातला. मी बोलू शकले असते. पण लग्नाच्या वेळी मी एकदा हालवरच्या दारात जाऊन उभी राहिले होते. ही वेळ त्याची होती. मी हालवरकडे बघत राहिले, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. हिरवी खोकली, सुरू झाली, आणि त्याच्या हाताखालून तिचा काठ हळूहळू सरकायला लागला.

हालवरने तो सोडला नाही. स्वतः ओढला गेला, अर्धा नावेबाहेर आला, तरी सोडला नाही.

“ओडेल, थांब,” तो म्हणाला. “मला हवी आहे.”

कुणीच विचारलेलं नसताना. ओडेलने मोटर बंद केली आणि कान खाजवला, जणू त्यात पाणी गेलं असावं.

“मला ती परत हवी आहे,” हालवर पुन्हा म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. “मी तुला ती मनापासून दिलीच नव्हती. तू नको म्हणशील असं वाटलं होतं.”

“मला कुठे हवी होती?” ओडेल म्हणाला. “तू तीनदा विचारलंस. मग काय करणार होतो? या फळीवर बसून माझी पाठ मोडली उन्हाळाभर. तुझ्या दारात एवढे मासे टाकले, तुला काही कळेल म्हणून. डकोटाची थाप मारली. माझ्या मुलाच्या घराशेजारी डबकं नाही, पेट्रोल पंप आहे.”

आपलेच दात, आपलेच ओठ. दोघंही एकमेकांच्या नावांकडे बघत बसले.

गॅरेटचा चेहरा पडला होता. त्याला आता समजलं होतं. “सर, मग माझी ही नाव?”

मला वाटलं, आता हालवर पुन्हा ‘असू दे’ म्हणणार. पण एकदा तोंड उघडल्यावर बहुधा त्याला थांबवता येईना. “तुझी नाव फार पळते,” तो म्हणाला. “मला ती आवडत नाही. तू आवडतोस.”

गॅरेट बराच वेळ काही बोलला नाही. आमच्यात राहून शिकला असावा. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, “मी विचारलं होतं तुम्हाला. तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“एकदाच विचारलंस,” हालवर म्हणाला.

लाल नाव ट्रकला बांधून गॅरेट परत घेऊन गेला, आणि जाताना खरंच त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही. हिरवी धक्क्याला आली. त्या दुपारी हालवर तिच्यातून एकटाच गेला, संध्याकाळी दोन वॉलाय घेऊन आला आणि ओसरीवर बूट काढून आत येऊन बसला. गाऊन दोरीवर वाळत होता. टाके मी अजून उसवलेले नव्हते.

मी सवयीने विचारलं, “कॉफी घेणार का?”

“हो,” तो म्हणाला.

मी ओट्याशी तशीच उभी राहिले. कॉफी झालेलीच नव्हती. लग्न झाल्यापासून मी पहिल्या नाहीवर पाणी ठेवते आणि दुसऱ्या नाहीवर कॉफी घालते, म्हणजे तिसऱ्यांदा विचारेपर्यंत तयार होते. मला इतकं रडू आलं की मी पाठ फिरवून भांडं शोधायला लागले.

“थांबावं लागेल,” मी म्हटलं.

“थांबतो,” हालवर म्हणाला. “पूर्ण कप दे.”